भट्टी, बार आणि उंबरठा

घराच्या एखाद्या खोलीत मद्यपानासाठी स्वतंत्र जागा करावी, तिला जहाजाच्या केबिनचा, जुन्या इराणी हॉटेलाचा किंवा जंगलातल्या विश्रामगृहाचा साज चढवावा आणि त्याच लाकडी कट्ट्यात पडदा, जॉयस्टिक व बटणे बसवून जुने व्हिडिओ गेम खेळण्याची सोय करावी, ही हौस आता आपल्याकडच्या सुखवस्तू घरांना अपरिचित राहिलेली नाही. हा गृहसजावटीच्या मासिकांचा विषय. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे वरकरणी काही दिसत नाही. तरीही आम्हांला तो इतिहासाचा विषय वाटतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातून पाहिला तर अधिकच. या दोन जिल्ह्यांत घरी बसून पिणे आणि खेळणे ही गोष्ट गेली दीडशे वर्षे केवळ हौसेची राहिलेली नाही. सरकार, ठेकेदार, पोलीस, ग्रामसभा आणि घरातली बाई या सर्वांनी वेळोवेळी तिच्यावर आपला अधिकार सांगितला आहे.

या लेखात आम्हांला एकच प्रश्न विचारायचा आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांसाठी, स्वतःच्या हाताने उभारलेली पिण्याची आणि खेळण्याची जागा ‘खासगी’ केव्हा ठरते, आणि कोणाची ठरते? उत्तरासाठी आधी त्या शोभिवंत कट्ट्याची वंशावळ पाहू, मग मोहाच्या झाडाखाली जाऊ.

घरगुती बारची आजची कल्पना घडण्यात अमेरिकेतल्या दारूबंदीचा मोठा वाटा आहे. तिथे १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. मात्र त्या कायद्यात एक महत्त्वाची फट ठेवलेली होती: बंदीपूर्वी रीतसर मिळवलेले मद्य स्वतःच्या राहत्या घरात ठेवणे आणि कुटुंबीयांसह वा पाहुण्यांसह पिणे हा गुन्हा नव्हता. ज्यांच्याकडे पैसा आणि तळघर होते त्यांनी आधीच साठा करून ठेवला. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्यांच्यासाठी बंदी ही बंदीच राहिली. १९३३ मध्ये बंदी उठली, त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोम्बर’ हे दक्षिण समुद्रातल्या बेटांचा आभास देणारे मद्यालय निघाले. वेत, बांबू, मुखवटे आणि रमची पेये यांच्या साहाय्याने ग्राहकाला दूरच्या बेटावर नेण्याची ही युक्ती पुढे इतकी रुजली की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकन घरांच्या तळघरांतही तशीच ‘बेटे’ उभी राहू लागली. एखाद्या परक्या समाजाचे जगणे भिंतीवरच्या सजावटीत रूपांतरित करण्याची ही रीत इथे ध्यानात ठेवायला हवी. पुढे तिचे काम पडणार आहे.

खेळाचे यंत्रही मद्यालयातूनच घरात आले. १९७२ साली अटारी कंपनीने ‘पाँग’ हा खेळ लोकांसमोर प्रथम ठेवून पाहिला तो कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या ‘अँडी कॅप्स टॅव्हर्न’ या मद्यालयात. नंतर टेबलासारखी आडवी यंत्रे निघाली. काचेखाली खेळ चाले आणि काचेवर पेला ठेवता येई. अशा यंत्रांकडे सत्ता पूर्वीपासूनच संशयाने पाहत आली होती. न्यूयॉर्क शहरात पिनबॉल हा जुगार मानून १९४२ पासून त्यावर बंदी होती. ती उठली १९७६ साली. पुढे १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने ‘मेम’ ही प्रणाली प्रसिद्ध केली आणि जुन्या यंत्रांतले खेळ साध्या संगणकावर हुबेहूब चालू लागले. २०१२ मध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला. प्लायवूडचा सांगाडा, जुना मॉनिटर, जॉयस्टिक, बटणांची पट्टी आणि हा छोटा संगणक एवढ्या सामग्रीत हौशी माणूस घरच्या घरी ‘आर्केड’ जुळवू लागला. यांतली एक बाब सहसा कोणी उच्चारत नाही. त्या यंत्रात भरलेले खेळ बहुधा नकलेने मिळवलेले असतात. त्यांचे स्वामित्व अद्याप कोणा ना कोणा कंपनीकडे असते. काटेकोरपणे पाहिले तर तो दिवाणखान्यातला कट्टाही कायद्याच्या पूर्णपणे आत उभा नसतो. पण त्यासाठी कोणाच्या दारावर थाप पडल्याचे सहसा ऐकू येत नाही.

आता झाडीत येऊ. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात. त्याआधी झाडाखालचा पालापाचोळा साफ केलेला वा जाळलेला असतो, म्हणजे फुले वेचायला सोपी पडतात. उजाडण्यापूर्वी बाया-पोरे टोपल्या घेऊन जातात. वेचलेली फुले उन्हात वाळवली की वर्षभर टिकतात. त्यांत साखरेचे प्रमाण मोठे असते, म्हणून ती अन्नही होतात, गुरांचे खाद्यही होतात आणि मद्याचा कच्चा मालही होतात. वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजत घालून आंबवली की त्यांचा सडवा होतो. सडव्याचे भांडे चुलीवर चढवायचे, वाफ निघायला वाट ठेवून तोंड लिंपून घ्यायचे, थंड पाण्याच्या साहाय्याने ती वाफ निववायची आणि थेंबाथेंबाने उतरणारी धार गोळा करायची. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला वाक्प्रचार याच क्रियेतून आलेला आहे. अस्सल, कडक, भेसळ नसलेल्या कशालाही आपण आज ते विशेषण लावतो. लावताना ती धार कोणाच्या चुलीवरची, हे मात्र आठवत नाही.

गोंड-माडिया समाजात हे पेय जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य यांच्याशी जोडलेले आहे. आधी देवाला, पूर्वजांना थेंब वाहायचे आणि मग माणसांनी घ्यायचे, अशी रीत. तिचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. पण इथे घर हेच उत्पादनाचे, उपभोगाचे आणि विधीचे ठिकाण होते. फूल झाडाचे, झाड गावाच्या रानातले, भांडे कुंभाराचे, लाकूड सरपणाचे. बाहेरून विकत आणण्याजोगे फारसे काही नव्हते. आजच्या सजावटकाराच्या भाषेत बोलायचे तर हा खराखुरा घरगुती बार होता. मात्र त्याला सजावटीची गरज नव्हती, कारण जे जंगल आजच्या कट्ट्यामागे चित्रात टांगले जाते ते तिथे दाराबाहेरच उभे होते.

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांद्याचा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. वनखाते आणि अबकारी खाते ही जोडी या प्रदेशात पाठोपाठ पोचली. एकाने झाड आपले म्हटले, दुसऱ्याने त्या झाडाच्या फुलाचे पाणी. गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता लिलावाने ठेकेदाराला द्यायचा आणि त्याच्या रकमेतून महसूल उभा करायचा, हे त्या व्यवस्थेचे सूत्र. मक्त्याला किंमत यायची तर घरची भट्टी बंद व्हायला हवी. म्हणून घरी गाळणे हा गुन्हा झाला आणि ठेकेदाराच्या दुकानात जाऊन पैसे देऊन पिणे कायदेशीर झाले. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही नियंत्रण आणले गेले. पेय सोडा, फूलच संशयित ठरले. या घडामोडीचे सांस्कृतिक परिणाम मोजले गेले नाहीत, पण ते अनुमानाने कळतात. जे पेय ऋतूने आणि विधीने बांधलेले होते ते बारमाही झाले. जे घरच्यांच्या डोळ्यांदेखत घेतले जाई ते दुकानाच्या ओट्यावर गेले. आणि दुकानदाराकडे उधारीची वही होती.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला इथे राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आठवल्यावाचून राहणार नाही. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी विदर्भातच, सावनेर येथे वारले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. मद्यपानावरचे नाटक म्हणून त्याची चर्चा अतोनात झाली आहे. आम्ही इथे एवढेच निदर्शनास आणू इच्छितो की त्या नाटकात मद्यपानाच्या जागेचा एक निश्चित प्रवास आहे. सनद स्थगित झालेला, अपमानाने पोळलेला सुधाकर पहिला प्याला घेतो. मग तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ येते. मंडळ म्हणजे घराबाहेरची, पुरुषांनी पुरुषांसाठी उभारलेली, विनोदाने आणि वादविवादाने नटवलेली बैठक. प्रेक्षक तिथे खळखळून हसतो. नाटकाच्या उत्तरार्धात दारू सिंधूच्या घरात शिरते आणि हसू थांबते. एकच बाटली मंडळात करमणूक ठरते आणि उंबरठ्याच्या आत संहार. पण गडकऱ्यांचे घर हे पांढरपेशा, शहरी घर होते. त्या घरात दारू बाहेरून आलेली होती. चांद्याच्या रानातल्या घरातून ती आधी बाहेर नेली गेली आणि मग ठेक्याच्या रूपाने परत आली. मराठी नाटकाने पहिल्या घराची शोकांतिका लिहिली. दुसऱ्या घराची गोष्ट अबकारी खात्याच्या कागदांतच राहिली.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरवले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. मुंबईच्या बालसारा नावाच्या नागरिकाने त्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांपुरत्या काही तरतुदी रद्द केल्या, पण पिण्याच्या मद्यावरची बंदी उचलून धरली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर पुढे हा कायदा इकडेही लागू झाला. साठच्या दशकापासून बंदीची धार बोथट होत गेली, तरी कायदा रद्द झाला नाही. महाराष्ट्रात मद्य बाळगण्या-पिण्यासाठी व्यक्तिगत परवाना ही संकल्पना आजही आहे, आणि त्या परवान्याचे तत्त्व असे की अर्जदाराला आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठी मद्याची आवश्यकता आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शहरातला प्रत्येक घरगुती बार हा एक प्रकारचा औषधांचा फडताळ आहे! या विनोदाला एक गंभीर बाजू आहे. परवाना पिण्याचा मिळतो, गाळण्याचा नाही. ज्याच्यापाशी बाटली विकत घेण्याची ऐपत आहे त्याचे घर कायद्याने मानलेले घर. ज्याच्यापाशी फक्त फुले आणि चूल आहे त्याचे घर म्हणजे ‘हातभट्टी’. छाप्यानंतरच्या पंचनाम्यात सडवा, पिंप आणि चुलीवरचे भांडे यांना एकच नाव मिळते: मुद्देमाल.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारने आदिवासी भागांतील अबकारी धोरणाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यापारी दारूविक्री बंद करावी आणि पारंपरिक पेये स्वतःच्या वापरासाठी बनवण्याची मुभा असावी, असा त्यांचा आशय होता. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि पुढे छत्तीसगडात अशी घरगुती मुभा ठरावीक मर्यादेत राहिली. महाराष्ट्रातली वाट निराळी झाली, आणि ती वाट घडवण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या स्त्रियांचा होता.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आरोग्याच्या कामात दारूचा प्रश्न पुनःपुन्हा पुढे येऊ लागला; १९८८ च्या सुमारास सुरू झालेल्या चळवळीने जिल्ह्याच्या वार्षिक विकास योजनेपेक्षा इथले लोक दारूवर अधिक खर्च करतात असा हिशेब मांडला. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. लोकांच्या मागणीतून आलेली बंदी असे तिचे वर्णन केले जाते आणि ते योग्य आहे. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने हाच प्रश्न हाती घेतला, २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर स्त्रियांची पदयात्रा गेली, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले, आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्हाही कोरडा झाला. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने ही बंदी उठवली. रमानाथ झा समितीच्या अहवालाच्या आधारे अवैध दारू, बनावट दारू आणि गुन्ह्यांत स्त्रियांचा व मुलांचा वाढता सहभाग ही कारणे सांगण्यात आली. जुलै २०२१ मध्ये दुकाने पुन्हा उघडली.

या निर्णयांचा भूगोल नकाशावर पाहण्याजोगा आहे. पश्चिमेला वर्धा नदी. बंदीच्या काळात तिच्या पलीकडे वणीच्या बाजूला दुकाने उघडी होती. मध्ये वैनगंगा, आज तिच्या पश्चिमेला चंद्रपुरात दारू मिळते आणि पूर्वेला गडचिरोलीत बंदी आहे. आणखी पूर्वेला भामरागडजवळ इंद्रावती. तिच्या पलीकडे छत्तीसगडात त्याच माडिया माणसाच्या नातलगाला घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मोकळीक. वैनगंगेच्या एका काठावर काचेच्या फडताळातली बाटली ही शोभेची वस्तू. दुसऱ्या काठावर तीच मुद्देमाल ठरू शकते. इंद्रावतीच्या एका काठावर सडव्याचे भांडे हे देवकार्याचे साहित्य. दुसऱ्या काठावर पुरावा. मद्य तेच, घर तसेच, माणसेही बरीचशी तीच. मधून पाणी वाहते एवढाच फरक.

खेळाच्या बाबतीतही असेच घडले आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचा रोख प्रामुख्याने सार्वजनिक ठिकाणांवर आणि जिथे चालक नफा घेतो अशा अड्ड्यांवर आहे. त्यातल्या १२ व्या कलमात सार्वजनिक जागी पक्षी वा जनावरे झुंजवणेही येते. झाडीतल्या बाजाराच्या दिवशी भरणारा कोंबडबाजार नेमका इथे सापडतो. कोंबड्याच्या पायाला धारदार पाते बांधून लावलेली झुंज क्रूर आहे यात शंका नाही. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदाही तिला मनाई करतो. आम्ही तिचे समर्थन करणार नाही. मात्र उघड्यावर खेळणाऱ्याचा खेळ पोलिसांना दिसतो आणि भिंतीआड खेळणाऱ्याचा दिसत नाही, हा भेद त्यामुळे नाहीसा होत नाही. विदर्भात पोळ्याच्या पाडव्याला पत्त्यांचे डाव रंगतात. ते झाडाखाली रंगले तर छापा, बंगल्यात रंगले तर स्नेहसंमेलन. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडण्याचे ‘समुराई’, ‘मीडिया’ असे खेळयंत्र घरोघरी येऊ लागले तेव्हा मुलांचा खेळही पार्लरमधून दिवाणखान्यात सरकला, आणि पालकांना हायसे वाटले. खेळ तोच, पण आता तो ‘घरात’ होता.

खेळाची जागा घराबाहेरची आणि तरीही सगळ्यांची असू शकते, याचे उदाहरण याच प्रदेशात आहे. ते म्हणजे गोटुल. व्हेरियर एल्विनने १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर ग्रंथ लिहिला आणि तो शब्द जगभर गेला. सोबत पुष्कळ गैरसमजही गेले. गडचिरोलीतला गोटुल म्हणजे गावाची बैठक, पाहुण्यांचा मुक्काम, तरुणांची गाणी-नाच आणि सणाची तयारी यांचे ठिकाण. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ऐंशीच्या दशकात आपला गोटुल नव्याने उभारायचे ठरवले. सागाचे लाकूड वापरले म्हणून वनखात्याने तो मोडला. त्यावर आसपासच्या गावांनीही आपापले गोटुल बांधायचे ठरवले आणि खात्याला नमते घ्यावे लागले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ज्या गावाच्या नावाशी जोडली गेली त्याच गावाने दारूविषयीचे नियमही स्वतःच्या बैठकीत, सर्वांच्या सहमतीने ठरवले. आम्हांला या घटनेतला ‘बांधणे’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. हौशी माणूस आपला कट्टा बांधतो तेव्हा प्लायवूडची किंमत आणि सुताराची मजुरी एवढेच प्रश्न असतात. गावाने आपली खोली बांधली तेव्हा लाकूड कोणाचे, जंगल कोणाचे आणि निर्णय कोणाचा, हे सगळे प्रश्न एकदम उभे राहिले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना आणि पंचायतींना मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार दिला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलासह गौण वनोपजावरची मालकी मान्य केली. फूल अखेर वेचणाऱ्याचे झाले. त्याच्या धारेविषयी मात्र कायदा अजून हात आखडूनच आहे.

इथवरच्या विवेचनावरून असा निष्कर्ष निघेल की खासगीपणा हा ऐपतीचा दुसरा अवतार आहे, आणि म्हणून आदिवासीच्या भट्टीलाही दिवाणखान्यातल्या बारइतकेच संरक्षण द्यावे म्हणजे प्रश्न सुटेल. न्यायालयांतही याच दिशेचे विचार उमटले आहेत. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदीच्या खटल्यात, राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगण्यास मनाई करणारी तरतूद खासगीपणाच्या आधारे रद्द केली. त्याच वर्षी पाटणा उच्च न्यायालयात बिहारच्या दारूबंदीवर सुनावणी झाली तेव्हा एका न्यायमूर्तींनी घरात पिणे हा खासगीपणाचा भाग मानला. मुख्य न्यायमूर्तींनी त्या मुद्द्यावर असहमती नोंदवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा अधिकार मूलभूत मानला.

तरीही आम्हांला हा निष्कर्ष अपुरा वाटतो, आणि तो अपुरा का हे गडचिरोलीच्या आणि चंद्रपूरच्या स्त्रियांनीच दाखवून दिले आहे. ‘माझे घर, माझी मर्जी’ असे म्हणणाऱ्याने घराचे एकवचन गृहीत धरलेले असते. ज्या घरातून बाईने रस्त्यावर येऊन दारूबंदी मागितली त्या घरात दोन माणसांच्या दोन मर्जी होत्या, आणि खासगीपणाची भिंत त्यांतल्या एकाचेच रक्षण करत होती. महाराष्ट्रात दुकान बंद करण्यासाठी मतदान होते तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. मराठी राजकीय भाषेत ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचार त्यातून रूढ झाला. पुरुषांच्या बैठकीत ‘बाटली उघडणे’ आणि बायकांच्या सभेत ‘बाटली आडवी करणे’ हे दोन्ही शब्दप्रयोग एकाच पिढीने, बहुधा एकाच घरात वापरले. त्याच वेळी हेही खरे की घरी गाळून विकणाऱ्यांतही स्त्रिया असतात, आणि त्यांतल्या कित्येकींना दुसरे उत्पन्न नसते. छापा पडतो तेव्हा चुलीपाशी त्याच बसलेल्या असतात. बंदी मागणारी बाई आणि बंदीने पकडली जाणारी बाई एकाच गल्लीत राहते. कोणताही सरळसोट सिद्धांत या दोघींना एकाच वेळी न्याय देऊ शकलेला नाही.

म्हणून आम्ही त्या सजवलेल्या कट्ट्याकडे परत पाहतो तेव्हा त्याची थट्टा करावी असे वाटत नाही. मित्रांना घरी बोलावून बसण्याची, लहानपणीचे खेळ पुन्हा खेळण्याची इच्छा निर्मळ आहे. प्रश्न त्या इच्छेला मिळालेल्या निर्वेधपणाचा आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांचे संकलन आणि वाहतूक यांवरचे निर्बंध सैल केले, आणि त्याच वर्षी मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले. गेल्या काही वर्षांत मोहाची दारू देखण्या बाटल्यांतून महागड्या फडताळांवर येऊ लागली आहे. उद्या ती जंगलाचा साज चढवलेल्या घरगुती बारमध्ये, तारप्याच्या किंवा ढोलाच्या शेजारी मांडली जाईल, आणि पाहुण्यांना तिचा इतिहास कौतुकाने सांगितला जाईल. दक्षिण समुद्रातल्या बेटांचे जे हॉलिवूडमध्ये झाले ते झाडीचे आपल्या दिवाणखान्यात व्हायला वेळ लागणार नाही.

तो इतिहास सांगणाऱ्याने तीन गोष्टी गाळू नयेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. ते फूल पहाटे कोणी वेचले. तीच धार तिच्या स्वतःच्या चुलीवर अजूनही गुन्हा का आहे. आणि पेले रिकामे झाल्यावर त्या घरातल्या बाईला, यजमानीण असो वा भांडी घासणारी, ही खोली हवी होती का, हे तिला कोणी विचारले होते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. दुसऱ्याचे उत्तर कायदेमंडळाने द्यायचे आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र नकाशा काढण्यापूर्वी, घरातच मागता येते.